भाऊ सरकारी नोकरीत आहे, म्हणून मी युवक रोजगार योजनांना अपात्र ठरते का? (इंदूर)

तुमच्या प्रश्नातला तपशील असा: वय 23, बी.कॉम. पूर्ण, राहणे सुदामा नगरात, वडील नगर निगमात मस्टरवर (म्हणजे रोजंदारीवर), थोरला भाऊ शासकीय शाळेत शिक्षक, स्वाध्यायी (महाविद्यालयात न जाता परीक्षा देणारी) विद्यार्थिनी म्हणून एम.कॉम. चालू, मध्यंतरी तीन महिने एका कॉल सेंटरमध्ये नोकरी. एका कार्यालयाच्या खिडकीवर तुम्हाला सांगितले गेले की घरात सरकारी नोकरी असल्यामुळे पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत (मोठ्या कंपन्यांत तरुणांना कामाचा अनुभव देणारी केंद्राची योजना) तुमचे काही होणार नाही. शिवाय नाशिकच्या मामांनी महाराष्ट्राच्या योजनेचा अर्ज पाठवला आहे, आणि निवडीच्या वेळी नेमके मूल्यांकन कशाचे होते हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी इंदूरच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत 22 वर्षे निदेशक होतो, पुढे काही वर्षे बाह्य परीक्षक म्हणून काम केले, आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या मुलामुलींचे अर्ज तपासून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की खिडकीवर मिळालेले उत्तर बहुधा चुकीचे आहे.

2024 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या, प्रायोगिक टप्प्यातील नियमांत 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे, आणि त्या व्याख्येत उमेदवार स्वतः, आईवडील आणि पती किंवा पत्नी एवढेच येतात. भाऊ येत नाही. एकाच छताखाली राहत असलात, शिधापत्रिका एक असली, समग्र परिवार आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंब नोंदणीचा क्रमांक) एक असला तरी या योजनेपुरता तुमचा भाऊ तुमच्या कुटुंबात नाही. त्याची कायम नोकरी म्हणूनच तुमच्या आड येत नाही. आड येऊ शकली असती ती वडिलांची नोकरी, कारण या योजनेत 'सरकार' म्हणजे केवळ केंद्र आणि राज्य नव्हे, सार्वजनिक उपक्रम आणि स्थानिक संस्थाही त्यात धरल्या आहेत, म्हणजे नगर निगमही आले. मात्र अट नियमित किंवा कायम कर्मचाऱ्यांपुरती आहे, आणि मस्टरवरचा माणूस त्यात बसत नाही. वडिलांना मधल्या काळात 'स्थायीकर्मी' (जुन्या रोजंदारी कर्मचाऱ्यांसाठी राज्याने केलेला वर्ग) म्हणून वर्गीकृत केले असेल तर मात्र त्यांच्या आदेशाची प्रत काढून ती योजनेच्या हेल्पलाइनला दाखवा आणि लेखी उत्तर घ्या. आपल्याकडे 'कायम' या शब्दाचे इतके पोटभेद आहेत की तोंडी उत्तरावर विसंबणे बरे नाही.

उत्पन्नाच्या अटीतही अशीच गल्लत होते. या योजनेत 8 लाख रुपयांची मर्यादा आहे आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यातही 8 लाखांचीच आहे, त्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे एकत्रित उत्पन्न पाहतात, आणि तिथल्या कुटुंबात 18 वर्षांखालील भावंडेही मोजतात. इंटर्नशिप योजनेत वरच्या व्याख्येतल्या कोणाही एका सदस्याचे 2023-24 या आर्थिक वर्षातील उत्पन्न 8 लाखांच्या वर आहे का, एवढेच विचारलेले होते. म्हणून प्रत्येक योजनेच्या मार्गदर्शिकेत आधी व्याख्यांचे पान उघडावे, असे मी मुलांना सांगत असतो. लाभाच्या रकमेचे पान सगळेच वाचतात.

आता तुमच्या बाबतीत मला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे वळतो, ते म्हणजे क्रम. या योजना एकमेकींच्या शेजारी मांडलेल्या नाहीत. एकीत पाऊल टाकले की दुसरीचे दार लागते, आणि अर्ज भरण्याच्या घाईत ते कोणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या टप्प्याच्या नियमांप्रमाणे इंटर्नशिप योजनेची वयोमर्यादा 21 ते 24 आहे, म्हणजे तुमच्या हाती वेळ थोडा आहे. पूर्णवेळ शिक्षण घेणारा आणि पूर्णवेळ नोकरीत असणारा, दोघेही तीत अपात्र आहेत. दूरशिक्षणाला हरकत नाही, तेव्हा स्वाध्यायी अभ्यासाचा प्रकार अर्जात स्पष्ट लिहिलात तर चालू एम.कॉम. अडचणीचे ठरू नये. परंतु ज्या दिवशी एम.कॉम.ची पदवी हाती येईल त्या दिवशी तुम्ही अपात्र व्हाल, कारण पदव्युत्तर पदवीधारक, एम.बी.ए. आणि सी.ए. झालेले, तसेच आय.आय.टी., आय.आय.एम. यांसारख्या संस्थांचे पदवीधर नियमानेच वगळले आहेत. ज्यांनी केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनांखाली उमेदवारी पूर्ण केली आहे तेही वगळलेले आहेत, आणि राज्याच्या एखाद्या योजनेत प्रशिक्षण चालू असताना अर्ज करता येत नाही.

दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशची मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना आहे, म्हणजे एखाद्या आस्थापनेत विद्यावेतन घेत काम शिकण्याची. ती 2023 मध्ये सुरू झाली, आणि तिची अट तुलनेने साधी आहे: वय 18 ते 29, मध्य प्रदेशचा स्थानिक निवासी, शिक्षण किमान बारावी किंवा आय.टी.आय. तिथे भाऊ, वडील, नगर निगम यांचा प्रश्नच येत नाही. विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ठरते: बारावीला महिना 8,000, आय.टी.आय.ला 8,500, पदविकेला 9,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये. त्यातला 75 टक्के भाग राज्य शासन थेट खात्यात जमा करते आणि उरलेला आस्थापना देते, म्हणजे तुमच्या बाबतीत 7,500 अधिक 2,500. इंटर्नशिप योजनेत पहिल्या टप्प्याच्या नियमांप्रमाणे महिना 5,000 आणि एकदाच 6,000 रुपये आहेत. केवळ रक्कम पाहिली तर सीखो-कमाओ सरस दिसते, आणि घराला पैशांची निकड असेल तर ती घेण्यात काही वावगे नाही. माझा कल मात्र तुमच्या बाबतीत आधी इंटर्नशिपचा प्रयत्न करून पाहावा असा आहे, कारण सीखो-कमाओचे दार वयाच्या 29 पर्यंत उघडे राहते आणि इंटर्नशिपचे वर्षभरात लागेल. देशातल्या पहिल्या 500 कंपन्यांपैकी एखादीतले बारा महिन्यांचे काम वाणिज्य शाखेच्या मुलीला पुढे उपयोगी पडते, असेही मी पाहिले आहे. मात्र जागा इंदूर, पीथमपूर किंवा देवास इथली असेल तरच हे लागू. घर सोडून 5,000 रुपयांत दुसऱ्या शहरी राहणे किती कठीण आहे हे पहिल्या फेरीत दिसले आहे: देशभरात 82 हजारांहून अधिक प्रस्ताव दिले गेले, स्वीकारणारे 28 हजारांच्या घरात होते आणि प्रत्यक्ष रुजू झालेले 9 हजारांपेक्षाही कमी.

कॉल सेंटरच्या त्या तीन महिन्यांत तुमचा भविष्य निर्वाह निधी कापला गेला होता का, हे आजच तपासा. केंद्राची पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना 1 ऑगस्ट 2025 पासून 31 जुलै 2027 पर्यंत लागणाऱ्या नोकऱ्यांसाठी आहे, आणि पहिल्यांदाच निधीचा सभासद होणाऱ्या तरुणाला तीत एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल 15,000 रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते: पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी आणि आर्थिक साक्षरतेचा पाठ पूर्ण केल्यावर. आधीच सभासद झालेल्याला हा लाभ नाही. मालकाने तुमचा यू.ए.एन. (निधीतला सभासद क्रमांक) काढून एक महिन्याची वर्गणी जरी भरली असेल तरी 'पहिल्यांदाच' हा शब्द तुम्हाला लागू होत नाही. याउलट शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली (1961) काम करणारा उमेदवार निधीच्या दृष्टीने कर्मचारीच मानला जात नाही, म्हणून उमेदवारीनंतर लागलेली नोकरी त्याची पहिलीच ठरते. पण ती उमेदवारी इंटर्नशिपचे दार लावते, हे वर सांगितलेच. क्रमाला मी इतके महत्त्व देतो ते यासाठी.

मामांचा अर्ज बाजूला ठेवा. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (2024) त्या राज्याच्या अधिवासी तरुणांसाठी आहे. मराठी असणे ही तिची अट नाही आणि पात्रताही नाही. इंदूरच्या मराठी घरांत हा गोंधळ दरवर्षी होतो. नातेवाईक प्रेमाने फॉर्म पाठवतात, मुलगी तिकडचा पत्ता घालते, आणि मग दोन राज्यांत दोन रहिवास दाखवल्याची भानगड अंगाशी येते.

पात्रता नियमाने ठरत असली तरी नामंजुरी बहुतेक वेळा कागदावरून होते, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत त्याचे एक खास कारण आहे. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहितो, तर इकडच्या पद्धतीत नाव आणि आडनाव पुरते. परिणामी आधारवर तीन शब्द, दहावीच्या गुणपत्रिकेवर दोन, आणि समग्रवर लोकसेवा केंद्रातल्या मुलाने जे टंकले ते. आडनावात ळ असेल तर विचारूच नका, काळे यांचे काले होते आणि वाघोळीकरांचे वाघोलीकर. माझ्या स्वतःच्या पुतण्याचा अर्ज एवढ्याच कारणावरून सात आठवडे एका कार्यालयात पडून होता आणि कोणी त्याला कळवलेही नाही. तेव्हा अर्जापूर्वी तुमचा नऊ अंकी समग्र सदस्य आयडी (आठ अंकी असतो तो परिवाराचा, लोक नेमका तोच भरतात) आधारशी ई-केवायसीने जुळवून घ्या, आणि नाव आधार व गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का ते पाहा. दुरुस्ती करायची असेल तर आधार गुणपत्रिकेप्रमाणे करावे, कारण गुणपत्रिका बदलणे सर्वांत जिकिरीचे आहे.

बँक खात्याबाबत एक बारकावा आहे. आधार क्रमांक खात्याला जोडलेला असणे वेगळे आणि थेट लाभासाठी त्या खात्याकडे वळवलेला असणे वेगळे. आधारवरून येणारी रक्कम एका वेळी एकाच बँकेत जाते, आणि शेवटी ज्या बँकेत तुम्ही संमती दिली ती बँक ग्राह्य धरली जाते. लहानपणी शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्याकडे ती वळलेली असली तर विद्यावेतनाचे पैसे परत जातात, आणि मुलीला वाटते की कंपनीने हजेरीच पाठवली नाही.

आता मूल्यांकन. या शब्दाची तुम्हाला धास्ती वाटते असे प्रश्नावरून दिसते, पण यात तीन अगदी निरनिराळ्या गोष्टी येतात. इंटर्नशिप योजनेत लेखी परीक्षा नसते. तुम्ही भरलेले शिक्षण, पसंतीचे ठिकाण आणि क्षेत्र यांवरून पोर्टल नावे काढते आणि अंतिम निवड कंपनी करते. अर्जांची संख्या मर्यादित असते, पहिल्या फेरीत पाच आणि दुसरीत तीन जागा निवडता येत होत्या, म्हणून त्या विचारपूर्वक भराव्यात. सीखो-कमाओत निवड आस्थापना करते आणि खरे मूल्यांकन वर्षाच्या शेवटी होते. ते उत्तीर्ण झाल्यावर राज्य कौशल्य विकास आणि रोजगार निर्मिती मंडळाकडून प्रमाणपत्र मिळते.

त्या शेवटच्या मूल्यांकनाविषयी परीक्षक म्हणून थोडे सांगतो. लेखापालाच्या कामाचे प्रात्यक्षिक घेताना मी टॅलीत एक खरेदी परतीची नोंद करायला सांगत असे. दहापैकी आठ मुले ती सहज करत. मग मी विचारत असे की पुरवठादाराचे खाते नावे का टाकले, जमा का नाही. इथे निम्मी मुले गप्प होत, कारण वर्षभर त्यांनी दुसऱ्याने सांगितलेली बटणे दाबली होती. गप्प न राहणाऱ्या मुलांच्या हाती बहुधा एक वही असे, तीत रोज कोणते काम केले, कुठे चुकले आणि वरिष्ठांनी ते कसे सुधारले हे दोन-तीन ओळींत लिहिलेले असे. तुम्ही कोणत्याही योजनेत गेलात तरी पहिल्या दिवसापासून अशी वही ठेवा आणि महिन्याअखेर तीवर देखरेख करणाऱ्याची सही घ्या. हजेरीबद्दल वाद झाला तर तीच वही कामाला येते.

तिसरा प्रकार स्वयंरोजगाराच्या कर्ज योजनांचा आहे. तुम्ही त्याविषयी विचारलेले नाही, म्हणून थोडक्यातच लिहितो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (2008) उत्पन्नाची मर्यादा नाही. सर्वसाधारण वर्गाच्या पुरुष अर्जदाराला शहरात 15 टक्के अनुदान मिळते, तर महिला विशेष गटात मोडत असल्यामुळे तुम्हाला 25 टक्के मिळेल. मात्र अनुदान तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते, आणि तिथे मूल्यांकन तुमच्या प्रकल्पाचे आणि परतफेडीच्या सवयीचे होते. 23 व्या वर्षी, कामाचा अनुभव नसताना, मी कोणालाही आधी या वाटेने पाठवत नाही.

खिडकीवरच्या नकाराचे काय करायचे, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे. तोंडी नकार हा निर्णय नव्हे. इंटर्नशिपचा अर्ज तुम्ही स्वतः पोर्टलवर भरायचा आहे, त्यासाठी कोणत्याही खिडकीची परवानगी लागत नाही आणि शुल्कही नाही. कुटुंबाच्या रकान्यात आईवडिलांचीच माहिती भरा, भावाचे नाव घालू नका. अर्ज सादर झाल्यावर पोचपावतीची प्रत काढा. त्यानंतर पोलोग्राउंडच्या रोजगार कार्यालयात जाऊन आपले जिवंत पंजीयन (तिथली चालू नोंदणी) नूतनीकरणाला आले आहे का ते पाहा, कारण बी.कॉम. झाल्यावर त्यात पदवीची नोंद करायला बहुतेक मुले विसरतात आणि वर्षानुवर्षे बारावी पास म्हणूनच यादीत राहतात.