गोणपाटाचा गेंडा

प्रश्न : नाना, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे पाच वर्षांची एक मुलगी येते, तिला फार कमी दिसतं. प्लास्टिकचं खेळणं हातात दिलं की चाचपते आणि टाकून देते. मी गोणपाटाचा बैल शिवून दिला, तर आता तो सोडायलाच तयार नाही. पण परवा गावातल्या एक बाई म्हणाल्या, "पोरीला पोतं काय दिलंय खेळायला?" गोणपाटाची खेळणी कुणी शिकलेला कलाकार करतो का हो?

उत्तर : ताई, त्या बाईंना रेनाटे म्युलरचं नाव सांगा. १९४५ साली जर्मनीतल्या झोनेबर्ग गावी जन्मली. आपल्याकडे पोळ्याआधी कुंभारवाड्यात बैलच बैल दिसतात, तसं हे गाव बारा महिने खेळण्यांचं. घरोघरी बाहुल्या व्हायच्या. कुणी डोकी करी, कुणी कपडे शिवी. तिथलं खेळण्यांचं संग्रहालय १९०१ सालचं आहे. रेनाटे खेळणी घडवायचं रीतसर शिकली तीही तिथेच. ताग आणि चामडं घेऊन करून बघा, ही वाट दाखवली तिच्या शिक्षिकेने, हेलेने हॉइस्लर यांनी. पोरीने ती धरली आणि जन्मभर सोडली नाही.

तिने केलं काय, तर गेंडा, पाणघोडा, हत्ती, कासव. अंग जाड्याभरड्या तागाचं. कान, शिंगं, पाय रंगीत चामड्याचे. आत लाकडाची बारीक कुरळी सालपटं ठासून भरलेली. ज्या मुलांना तोल सांभाळता येत नाही, दिसत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाहीत, अशा मुलांसाठी ही जनावरं. पूर्व जर्मनीतल्या दवाखान्यांत आणि मुलांच्या संस्थांत ती वापरली गेली. मूल त्यावर पालथं पडतं, रेलतं, घोडा करतं. गेंडा हलत नाही. ताग बोटांना खरखरीत लागतो, चामडं गुळगुळीत. न बघता कळतं, पाठ कुठे संपली आणि कान कुठे सुरू झाला. तुमच्या मुलीने प्लास्टिक का टाकलं आणि बैल का धरला, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

शिल्पकार म्हटलं की आपल्याला आपल्या धुळ्याकडच्या गोंदूरचे राम सुतार आठवतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांचा सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर उंच, बघायला मान मोडेस्तोवर वर करावी लागते. रेनाटेचा गेंडा पोराच्या कमरेला लागतो. तरी मी तिला शिल्पकारच म्हणेन. पाय किती जाड, पोट जमिनीपासून किती वर, मान कुठे वाकवली म्हणजे पोराचं वजन पेलेल, हा सगळा हिशोब मूर्तीवाल्याचाच आहे.

ती ज्या कारखान्यासाठी हे करायची, तो १९७२ साली सरकारजमा झाला. त्या साली तिकडे उरलेसुरले खासगी कारखाने असेच गेले. पुढे तिने नोकरी सोडली, स्वतंत्र कामं घेतली, मुलांसाठी खेळाची मैदानंही आखली. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर आपल्या जुन्या खेळण्यांच्या नमुन्यांचे हक्क मिळवून ती पुन्हा हाताने शिवायला बसली. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मुलांच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात तिची खेळणी होती. पोतंच होतं ते, ताई.

आता माझी फजिती सांगतो. तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालो आणि नातवासाठी हत्ती करायला घेतला. घरात सरकीच्या ढेपेचं रिकामं पोतं होतं. जुन्या गादीची रुई काढून त्यात भरली. खान्देशात रुईला काय तोटा! आठ दिवसांत हत्तीचे पाय मुडपले, पोट जमिनीला टेकलं. आमची आई म्हणाली, "हत्ती बसी गया रे भो!" त्यात पोत्याला ढेपेचा वास. ओसरीवर ठेवला तर गाईने चाटून चाटून एक कान गायब केला. नातू अजून विचारतो, हत्तीचा दुसरा कान कुठे?

म्हणून पोतं आधी दोन-तीन वेळा धुऊन कडक उन्हात वाळवा. आत रुई नको. सुताराकडे रंध्यातून निघणारी सालपटं मागा, बहुतेक फुकट मिळतील. ती कोरडी करून घ्या, आणि भरताना लाटण्याने कोंबत जा, पाय सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट. गोणपाटाची कड उसवते, ती दुहेरी दुमडून दाभणाने शिवा. मेण लावलेला दोरा चप्पल शिवणाऱ्याकडे मिळेल, चामड्याचे तुकडेही तिथेच मागा. डोळ्यांना मणी किंवा बटण लावू नका, पोरं ते तोंडात घालतात. चामड्याची टिकली शिवा.

आणि बैलाची शिंगं आहेत त्यापेक्षा जाड करा. तिला धरायला तीच लागणार आहेत.