वाचकांचे प्रश्न : गॉडफ्रे नेमके कुठले अ‍ॅडमिरल?

प्रश्न : १९४६च्या नाविकांच्या उठावावर आमच्या वाचनालयात बोलायचं आहे. तेव्हाचे नौदलप्रमुख जॉन हेन्री गॉडफ्रे यांना एका ठिकाणी रिअर अ‍ॅडमिरल, दुसरीकडे व्हाइस अ‍ॅडमिरल, तर तिसरीकडे नुसतं अ‍ॅडमिरल म्हटलंय. खरं काय धरायचं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही खरं, फक्त वेळ वेगळी. गॉडफ्रे १९०३ साली कॅडेट म्हणून भरती झाले. १९२८मध्ये कॅप्टन, फेब्रुवारी १९३९मध्ये रिअर अ‍ॅडमिरल आणि सप्टेंबर १९४२मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल झाले. पूर्ण अ‍ॅडमिरल ते निवृत्तांच्या यादीवर झाले. ब्रिटिश नौदलात कमांडर आणि कॅप्टन हे हुद्दे निवडीने मिळत. त्यापुढे मात्र ज्येष्ठतेची यादी चाले, वरची जागा रिकामी होईल तसं पुढे सरकायचं. कॅप्टनपदानंतरची ११ वर्षं दिसली म्हणून बढती अडली होती असं समजू नका.

हुद्दा आणि नेमणूक यांची गल्लत करू नका. १९३९ ते १९४२ ते नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते, आणि १९४३पासून रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख. १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात नाविकांनी काम बंद केलं, तेव्हा हुकूम यांचा चालत होता. शरण या, नाहीतर नौदल नष्ट झालं तरी चालेल, ही धमकी रेडिओवरून दिली ती यांनीच. ते वाक्य भाषणात जरूर घ्या. नाविकांवर काय दडपण होतं ते त्यातूनच कळतं.

सर्वांत जास्त चुका भाषांतरात होतात. नौदलाचा कॅप्टन म्हणजे लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचा. लष्करी कॅप्टनच्या तोडीचा असतो तो नौदलाचा लेफ्टनंट. त्यात भर म्हणजे जहाजाचा प्रमुख कुठल्याही हुद्द्याचा असला, तरी जहाजावर त्याला कॅप्टनच म्हणतात. ज्यांच्या शिवीगाळीविरुद्ध नाविकांची तक्रार होती, ते ‘तलवार’चे प्रमुख किंग हुद्द्याने कमांडर होते. त्यांना कॅप्टन किंग लिहू नका.

फोटो असेल तर बाहीच्या पट्ट्या मोजा. सर्वांत वरच्या पट्टीला वेटोळं असतं. कमांडरला तीन, कॅप्टनला चार. रिअर अ‍ॅडमिरलला खाली एक रुंद पट्टी आणि वर एक अरुंद. व्हाइस अ‍ॅडमिरलला त्या रुंद पट्टीवर दोन अरुंद. फोटोखालची ओळ बरेचदा नंतर कुणीतरी लिहिलेली असते, म्हणून आधी बाही बघा.

आणि ‘सर जॉन’ लिहिलं असेल तर ‘सर’ खोडा. हा किताब त्यांना कधीच मिळाला नाही.

तारखा पडताळायला ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक इंटरनेटवर फुकट पाहता येतात. आडनाव आणि साल टाकून शोधा. नुसत्या आडनावाने शोधलंत तर शेकडो गॉडफ्रे निघतील.