माझा खोकला आणि सासऱ्यांचा खोकला एकच का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते, वय ३६. सर्दी-ताप आला होता, ताप उतरला पण खोकला काही जाईना, दोन आठवडे होत आले, पिवळा कफ पडतो, रात्री खोकून खोकून बरगड्या दुखतात. फॅमिली डॉक्टर म्हणाले ब्रॉन्कायटिस आहे, पण अँटिबायोटिक दिलंच नाही. शेजारच्या काकू म्हणतात मेडिकलमधून कोर्स आणून घेऊन टाक. सासऱ्यांनाही हाच आजार सांगितलाय, ते वागळे इस्टेटला कंपनीत होते, सिगारेट अजून चालू आहे, रोज सकाळी बेसिनपाशी कफ काढत उभे असतात. त्यांचंच मला लागलं का?

उत्तर : नाही हो ताई, त्यांचं तुम्हाला लागलेलं नाही. श्वासनळ्यांना आतून सूज आली की ब्रॉन्कायटिस म्हणतात, पण ती सूज कशाने आली यावर सगळं अवलंबून. तुमची बहुतेक व्हायरसची आहे, सर्दीचाच व्हायरस खाली उतरतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं (आणि पेशंट रागावला तरी न देणारे डॉक्टर मला आवडतात). कफ पिवळा-हिरवा दिसतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे, नुसत्या रंगावरून बॅक्टेरिया ठरत नाही, काकूंना सांगा. व्हायरस गेला तरी सुजलेली नळी शांत व्हायला वेळ लागतो, खोकला दोन-तीन आठवडे सहज चालतो, त्यात घोडबंदरची धूळ, ट्रकचा धूर, घरात मच्छरची कॉइल, म्हणजे नळीला सारखं डिवचणंच. कॉइल आधी बंद करा. कोमट पाणी प्या, रात्री चमचाभर मध घ्या, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

पण दोन आठवडे उलटले तर थुंकीची टीबीची तपासणी करून घ्या, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट होते, उगाच घाबरायचं नाही पण टाळायचंही नाही. आणि ताप परत चढला, दम लागला, छातीत दुखलं किंवा कफात रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तो न्यूमोनिया असू शकतो. छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, असा खोकला दरवर्षी उठत असेल तर दमा आहे का तेही बघावं लागतं.

खरी काळजी मला सासऱ्यांची वाटते. वर्षात किमान ३ महिने कफाचा खोकला आणि असं लागोपाठ २ वर्षं, याला क्रॉनिक ब्रॉन्कायटिस म्हणतात, तो बहुतेक वेळा सिगारेट-बिडीचा असतो, कारखान्यातली धूळ-धूर किंवा गावाकडच्या चुलीचा धूरही त्याला कारण होतो. वर्षानुवर्षं धूर गेला की नळ्यांमधल्या कफ करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात, कफ वर ढकलणारे बारीक केस खराब होतात, मग रात्रभर साचलेलं सकाळी बेसिनवर निघतं. घरातले म्हणतात वयाचा खोकला आहे. वयाचा खोकला वगैरे काही नसतं! जिना चढताना दम लागतो का विचारा आणि चेस्टच्या डॉक्टरांकडे नेऊन स्पायरोमेट्री करा, नळीत जोरात फुंकायची साधी टेस्ट आहे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीचंही तिथेच विचारा. सिगारेट मात्र पूर्ण बंद, कमी करून भागत नाही. टेस्टच्या आधी निदान तासभर ओढायची नसते हे त्यांना नीट बजावून ठेवा, नाहीतर पार्किंगमध्येच एक ओढून घेतील.