लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकताय? आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा

प्रश्न : लॅपटॉप जुना, विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला, म्हणून भाच्याने लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली आणि तो गेला नाशिकला. आता व्हिडिओ बघायला व्हीएलसी हवं होतं म्हणून साइटवरून डाउनलोड केलं तर ती एक्सई फाइल उघडतच नाही. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरची डेब फाइल (मिंटवर चालणारी इन्स्टॉलर फाइल) मिळाली, नेटवर बघून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, डीपीकेजी डॅश आय केलं तर डिपेंडन्सी प्रॉब्लेम्स म्हणून ही लांबलचक यादी. या डिपेंडन्सी मी आणायच्या कुठून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एक्सई विसरा, ती विंडोजची. मिंटच्या मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, त्यात व्हीएलसी लिहा, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या, झालं. विंडोजवर आपल्याला सवय लागलेली असते की काही हवं की गुगल करायचं आणि दिसेल ते डाउनलोड बटण दाबायचं, आता त्यातलं खरं बटण कुठलं हे देवालाच माहीत. इथे तुमच्या डिस्ट्रोची (लिनक्सचा तुमचा प्रकार, मिंट, उबंटू वगैरे) स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरची वखार असते, त्यात हजारो पॅकेजेस डिजिटल सही करून ठेवलेली असतात आणि तिथून घेतलेलं सॉफ्टवेअर सिस्टिमच्या अपडेटबरोबरच अपडेट होत राहतं. साइटवरून आणलेलं बऱ्याचदा आहे तिथेच राहतं. त्यामुळे आधी मॅनेजरमध्ये शोधा, नाहीच मिळालं तरच साइट.

आता तुमची ती डेब. लिनक्सवर प्रोग्राम लागणाऱ्या लायब्रऱ्या (तयार कोडचे भाग, याच त्याच्या डिपेंडन्सी) शक्यतो सोबत घेऊन येत नाहीत, सिस्टिममध्ये एक कॉपी असते ती सगळे मिळून वापरतात. डेबमध्ये नुसती यादी असते की मला हे हे लागतं. डीपीकेजी ती यादी बघतो, हे नाही ते नाही म्हणून ओरडतो आणि थांबतो, आणून देणं त्याच्या कामात बसत नाही. ते ॲप्ट या दुसऱ्या कमांडचं काम. तेव्हा टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडा आणि सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिहून एक स्पेस, मग डॉट, स्लॅश आणि लगेच फाइलचं पूर्ण नाव. तो डॉट-स्लॅश खाऊ नका हां, नाहीतर ॲप्टला वाटतं तुम्ही रिपॉझिटरीतलंच काहीतरी मागताय आणि तो सांगतो की असं पॅकेज सापडत नाही. आत्ता जे अर्धवट लटकलंय त्यासाठी सुडो ॲप्ट डॅश एफ इन्स्टॉल. पण तो पुढे जाऊ का विचारतो तेव्हा एंटर मारण्याआधी तो काय काय काढणार आहे ते वाचा, कारण कधीकधी डिपेंडन्सी मिळाली नाही तर तो तुमचं ते नवीन सॉफ्टवेअरच काढून टाकायचं ठरवतो.

वाचा वाचा म्हणून मागे लागतोय त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरचा व्हिडिओ आला होता, पॉप ओएस या डिस्ट्रोवर तो स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला गेला, स्क्रीनवर मोठी वॉर्निंग आली की महत्त्वाची पॅकेजेस निघून जातील, पुढे जायचं असेल तर 'येस, डू ॲज आय से' असं टाइप करा. त्याने केलं टाइप, आणि अख्खा डेस्कटॉपच गेला, नुसता काळा टर्मिनल उरला. मूळ घोळ पॅकेजिंगमधला होता, त्याचा नाही, आणि स्टीमसारखी साधी गोष्ट टाकताना असं व्हायलाच नको होतं हे मलाही मान्य आहे. पण वॉर्निंग तिथे होती.

प्रश्न : उबंटूवर काहीही इन्स्टॉल करायला गेलं की 'कुड नॉट गेट लॉक' येतं. मित्र म्हणतो लॉकची फाइल डिलीट कर. करू का?
– नांदेडहून

उत्तर : नको. मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका. उबंटू बॅकग्राउंडला सिक्युरिटी अपडेट आपोआप टाकत असतं आणि तेवढ्या वेळात पॅकेजचा डेटाबेस दुसऱ्या कुणी लिहू नये म्हणून ते कुलूप आहे. दोघं एकदम लिहायला लागले तर डेटाबेसची वाट लागते. त्याच मेसेजमध्ये पुढे कुलूप कुणाकडे आहे तेही दिलेलं असतं, प्रोसेसचा नंबर आणि नाव, आपण तिथपर्यंत वाचतच नाही. तर थोडं थांबा, अपडेट संपलं की सुटतं. मध्येच लाइट गेली आणि इन्स्टॉल अर्ध्यात राहिलं असेल तर मात्र सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए चालवा, राहिलेलं काम तो पूर्ण करतो.

प्रश्न : मिंट २२ वर फोटो एडिटिंगचं गिंप दोनदा दिसतं, एक सिस्टिम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालेल असं पॅकेज). फ्लॅटपॅकची साइज केवढी तरी जास्त. कुठलं घेऊ?
– पुण्याची वाचक

उत्तर : मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे, तिथलं गिंप २.१० वरच थांबलंय. अशा लाँग टर्म सपोर्टवाल्या व्हर्जनमध्ये चुका दुरुस्त होतात पण नवी फीचर्स फारशी येत नाहीत. गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, ते हवं असेल तर फ्लॅटपॅक घ्या. साइज मोठी कारण फ्लॅटपॅक लायब्रऱ्यांचा वेगळा संच आणतो, तोच संच पुढच्या ॲपला चालला तर ते डाउनलोड लहान होतं. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल आणि फक्त फोटो क्रॉप करायचे असतील तर जुनं काय वाईट आहे! फ्लॅटपॅकसारखंच उबंटूवाल्यांचं स्नॅप मात्र मिंटमध्ये शोधू नका, २०२० च्या मिंट २० पासून ते मुद्दाम बंद ठेवलंय. उबंटूवर क्रोमियम हे ब्राउझर ॲप्टने मागितलं तरी मागच्या दाराने स्नॅपच यायचं, ते मिंटवाल्यांना पटलं नाही. मलाही नाही पटत.

प्रश्न : उबंटूवर मराठी टायपिंग?
– कोल्हापूर

उत्तर : आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका, लॉगआउट करून परत लॉगिन करा (हे न करताच लोक म्हणतात चालत नाही), मग सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या इनपुट सोर्समध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय येतील, इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर आयट्रान्स. भाषा बदलायला विंडोजवाली की आणि स्पेस.