इंजिनिअरिंगच्या मुलांना कॅड-कॅम (संगणकावर ड्रॉइंग करणं आणि त्यावरून मशीनचा प्रोग्रॅम काढणं) शिकवताना कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि हाताने जी-कोड, म्हणजे मशीनला चाली सांगणारा प्रोग्रॅम, लिहून घेणं बंद केलं तर चालेल का?

साताऱ्याच्या एका कॉलेजात मेकॅनिकलला नव्याने रुजू झालेल्या सरांचा हा प्रश्न आहे. पहिल्या भागाचं उत्तर एका ओळीचं: कॉलेजकडे ज्याचं लायसन्स आहे ते घ्या. दुसऱ्या भागाचं उत्तर: नाही, चालणार नाही. मी सांगलीत हीच लॅब घेतो आणि याच मुद्द्यावरून आमच्या विभागात जुना वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंद करा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: कॅम सॉफ्टवेअर प्रोग्रॅम काढून देतं, सिम्युलेशनमध्ये धडक दिसते, हिरवा रंग आला की जॉब बरोबर. मग मुलांनी एक्स-झेडचे (लेथवर एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी) आकडे कशाला लिहीत बसायचं? या युक्तिवादाचं उत्तर एका शाफ्टने दिलं. इथे पंपाचे शाफ्ट हा रोजचाच जॉब असल्यामुळे चौघांच्या एका गटाने तोच घेतला होता.

ड्रॉइंग साधं होतं. ईएन-८ या पोलादाचा ३५ मिमी बार. एका टोकाला ६२०५ बेअरिंगची सीट, म्हणजे व्यास २५, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) के६, लांबी २०. त्यामागे ३२ व्यासाचा खांदा. सीट आणि खांद्याच्या कोपऱ्यात आर१ चा फिलेट (१ मिमी त्रिज्येची गोलाई), टोकाला २ मिमी × ४५ अंशांचा चेंफर (तिरपा काप). मुलांनी मॉडेल केलं, टूलपाथ काढला, सिम्युलेशन पाहिलं, पोस्ट करून, म्हणजे टूलच्या मार्गाचा मशीनला कळेल असा जी-कोड बनवून, प्रोग्रॅम घेतला. जॉब कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर काढला. मायक्रोमीटरने सीट २५.०१, म्हणजे के६ च्या २५.००२ ते २५.०१५ या हद्दीत. खांदा बरोबर, लांबी बरोबर. पण बेअरिंग दाबून बसवल्यावर खांद्याला टेकेना. ०.०५ ची फीलर गेज बेअरिंग आणि खांद्याच्या मधून आरपार जात होती. चेंफर मोजला तर २ च्या जागी १.७७. फिलेटला आर१ ची रेडियस गेज लावली तर ती कोपऱ्यात बसेना, १.४ च्या आसपासची बसली.

कारण एका आकड्यात होतं. सॉफ्टवेअरच्या टूल लायब्ररीत मुलांनी डीफॉल्ट इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा, बदलता येणारा कापणारा तुकडा) ठेवला होता, सीएनएमजी १२०४०४. शेवटचे ०४ म्हणजे नोज रेडियस, टोकाच्या गोलाईची त्रिज्या, ०.४ मिमी. मशीनवर मात्र टूल लावणाऱ्या सेटरने १२०४०८ लावला होता, म्हणजे ०.८. सेटरचं काहीच चुकलं नव्हतं. ०.८ ची धार जास्त टिकते, शिवाय फिनिश चांगलं येतं. फीड ०.२ मिमी प्रति फेरा धरला तर पृष्ठभागावरच्या रेघांची खोली फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट, म्हणजे ०.४ ला १२.५ मायक्रॉन आणि ०.८ ला ६.२५. कुठलाही शहाणा सेटर ०.८ च लावेल.

आता हा फरक मायक्रोमीटरला का दिसला नाही, हे मुलांकडून काढून घेण्यासारखं आहे. टूल टच करताना आपण व्यासाला आणि फेसला टच करतो. त्यातून मिळतो तो काल्पनिक कोपरा, जिथे प्रत्यक्षात धातूच नसतो, कारण टोक गोल आहे. सरळ व्यास आणि सरळ फेस कापताना हा कोपरा आणि खरी धार एकाच रेषेत येतात, त्यामुळे ती मापं नेहमी बरोबर. तिरपी रेषा आणि गोलाई आली की धार कोपऱ्यापासून लांब राहते आणि धातू शिल्लक राहतो. ४५ अंशांच्या चेंफरला प्रत्येक बाजूने नोज रेडियसच्या ०.५८६ पट कमी कापलं जातं. सॉफ्टवेअरने ०.४ धरून भरपाई केली होती, म्हणजे टूलचा मार्ग तेवढा सरकवला होता, प्रत्यक्षात टूल ०.८ चं. फरक ०.४, गुणिले ०.५८६, बरोबर ०.२३. म्हणून १.७७. आणि आतला फिलेट त्याच ०.४ ने मोठा झाला, १ चा १.४.

६२०५ साठी शाफ्टच्या कोपऱ्यातली गोलाई जास्तीत जास्त १ चालते, कारण बेअरिंगच्या आतल्या रिंगचा कोपरा किमान १ असतो. किमान, हे लक्षात घ्या. एखाद्या बेअरिंगचा कोपरा १.५ चा निघाला तर तो त्याच शाफ्टवर नीट टेकून बसतो. म्हणजे वीसपैकी काही शाफ्ट असेंब्लीत पास होतात, काही होत नाहीत, आणि शोधणारा बेअरिंगला दोष देत बसतो. सिम्युलेशन मात्र अजूनही हिरवंच दाखवतं, कारण त्याला मशीनवर काय बसवलंय ते माहीतच नाही. लायब्ररीत लिहिलेलं टूल तेवढं त्याला माहीत.

म्हणून आमच्या लॅबमध्ये हाच प्रोफाइल आधी हाताने लिहायला लावतो, तोही तीन वेळा. पहिल्यांदा ड्रॉइंगवरचे आकडे जसेच्या तसे: एक्स२१ झेड० पासून एक्स२५ झेड-२, मग झेड-१९, मग जी०२ ने (गोल चाल) एक्स२७ झेड-२० आर१. हा प्रोग्रॅम ०.८ च्या टूलने चालवला की चेंफर १.५३ येतो आणि फिलेट १.८. जॉब कापायच्या आधी हे दोन्ही आकडे काढून वहीत लिहायचे, मग मोजून ताडायचे. दुसऱ्यांदा भरपाई हाताने: एक्स२०.०६२ झेड० पासून एक्स२५ झेड-२.४६९, पुढे झेड-१९.८, आणि जी०२ एक्स२५.४ झेड-२० आर०.२. फिलेट आर१ हवा असताना प्रोग्रॅममध्ये आर०.२ का, हे ज्याला फळ्यावर सांगता आलं त्याला विषय समजला. तिसऱ्यांदा पुन्हा ड्रॉइंगचे मूळ आकडे, पण जी४२ लावून, म्हणजे भरपाई मशीनच्या कंट्रोलवर सोपवून, आणि ऑफसेट पानावर आर०.८ व टिप दिशा (टोक कुठल्या बाजूला आहे त्याचा आकडा) ३ भरून. बाहेरच्या टर्निंगला ३, बोअरिंगला (आतलं भोक कापताना) २ आणि जी४१. जी४२ चालू करणारी चाल सरळ रेषेतच हवी, जॉबपासून नोज रेडियसपेक्षा लांबून. ती आर्कवर ठेवली की कंट्रोल अलार्म देतो. दिशेचा आकडा चुकला तर अलार्म येत नाही, जॉब मात्र वाया जातो. मुलांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

एवढं झालं की मग कॅम सुरू करा, आणि मुलं आपण होऊन विचारतात की भरपाई सॉफ्टवेअर करणार की कंट्रोल करणार. हा प्रश्न ज्या मुलाला पडत नाही त्याला पोस्ट बटण दाबू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हीकडे चालू ठेवलं तर भरपाई दोनदा होते.

आणखी एक गोष्ट मॉडेलमध्येच बिघडते. मुलं सीट २५.००० ची काढतात, टॉलरन्स ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहून मोकळी होतात. कॅम मॉडेलचं माप उचलतं, त्यामुळे प्रोग्रॅम २५.००० कापायला निघतो आणि के६ ची खालची हद्दच २५.००२ आहे. तेव्हा एकतर मॉडेलमध्ये मधलं माप, २५.००८५, ठेवा, नाहीतर वेअर ऑफसेटने (टूलसाठी मशीनवर भरायची बारीक दुरुस्ती) जॉब वर घ्या. कोणता मार्ग घेतला हे प्रोसेस शीटवर लिहिलेलं हवं. स्केचमध्ये निळी रेघ, म्हणजे माप पूर्ण न दिलेली रेघ, शिल्लक असेल तर पुढे जाऊ देऊ नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही.

टूल शीट हा खरा धडा आहे. मशीनसमोर उभं राहून भरायची: टरेटवरची (टूल बसवायच्या फिरत्या डोक्यावरची) जागा, होल्डर, इन्सर्टचा पूर्ण नंबर खोक्यावरून, नोज रेडियस, टिप दिशा, कापायचा वेग, फीड. त्या शीटवरून सॉफ्टवेअरची लायब्ररी भरायची. उलट कधीच करायचं नाही. इन्सर्ट बदलला तर शीटवर खाडाखोड करून, सही करून, प्रोग्रॅम पुन्हा पोस्ट करायचा. वेग १८० मीटर प्रति मिनिट धरला तर २५ व्यासाला सुमारे २३०० फेरे येतात, पण जी९६ (कापायचा वेग कायम ठेवणारा कोड) लावून फेसिंग, म्हणजे टोकाचा सपाट भाग कापणं, मध्यापर्यंत नेलं की फेरे मशीनच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतात, म्हणून आधी जी५० एस२५०० (फेऱ्यांना २५०० ची मर्यादा) लिहिलेलं असलंच पाहिजे. मागे लांब बार बाहेर असेल तर त्याहूनही कमी.

“मुलांच्या हातात दिलं तर मशीन मोडेल” हा या वादातला दुसरा जुना आक्षेप. मोडू नये यासाठी पद्धत आहे. पहिला फेरा चकमध्ये जॉब न लावता, वर्क शिफ्टमध्ये झेड ५० मिमी बाहेर घेऊन, सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ), रॅपिड (न कापतानाची जलद चाल) २५ टक्क्यांवर. दुसरा नायलॉनच्या बारवर, तिसरा ईएन-८ वर. एका मुलाचा हात फीड होल्डवर (चाल थांबवायचं बटण), दुसरा मुलगा स्क्रीनवर “डिस्टन्स टू गो”, म्हणजे चाल अजून किती उरली ते, मोठ्याने वाचतो. टूल जॉबजवळ दिसतंय आणि आकडा अजून मोठा आहे, तर थांबवा. एवढं केलं तर नायलॉनचा बार वाया जाण्यापलीकडे फारसं काही होत नाही.

मोजायची साधनं आधी घ्या, जादा लायसन्स नंतर. ०–२५ आणि २५–५० चे मायक्रोमीटर, रेडियस गेज संच, फीलर गेज, स्टँडसह डायल, आणि जमलं तर प्रोफाइल प्रोजेक्टर (जॉबची सावली मोठी करून दाखवणारं यंत्र). चेंफर व्हर्नियरने नीट मोजता येत नाही. सर्वसाधारण मध्यम टॉलरन्समध्ये ०.५ ते ३ मिमीच्या चेंफरला ±०.२ सूट असते, म्हणजे आमचा १.७७ फक्त ०.०३ ने बाहेर होता. डोळ्याला तो पास दिसतो, प्रोजेक्टरवर दिसत नाही.

आता काही गोष्टी ज्या वरच्या ठामपणात सुटल्या. डाय, मोल्ड, ब्लेडसारख्या मुक्त पृष्ठभागांचं काम हाताने लिहिता येत नाही; तिथे कॅमला पर्याय नाही आणि तिथे हाताने लिहायचा आग्रह धरणं वेळ घालवणं आहे. वीस मुलांच्या बॅचला एक मशीन असेल तर प्रत्येकाचा जॉब निघणार नाही, गटाला एक काढा, पण तिन्ही प्रोग्रॅम प्रत्येकाच्या वहीत हवेत. पुण्यातल्या डिझाइन ऑफिसांत मुलाखतीला कॅटिया, एनएक्स, क्रिओ अशी नावं घेऊनच विचारतात, त्यामुळे शेवटच्या वर्षी त्यातलं एक पक्कं करून घ्या. बजेट नसेल तर फ्यूजन विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना शैक्षणिक लायसन्सवर मोफत मिळतं. फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे; त्यात मिलिंगचं काम चालतं, टर्निंगसाठी तो कच्चा आहे.

आणि प्रात्यक्षिकाचे गुण रंगीत असेंब्लीच्या चित्राला देऊ नका. निम्मे गुण मोजमापाच्या तक्त्याला ठेवा: ड्रॉइंगचं माप, आधी हिशेबाने काढलेलं माप, प्रत्यक्ष मोजलेलं माप, आणि फरक असेल तर त्याचं कारण. आमच्याकडे हे मान्य करून घ्यायला बराच काळ लागला. तुम्ही नवीन लॅब लावताय, तेव्हा जर्नल छापायला जायच्या आधीच हा तक्ता त्यात घालून घ्या.