न्यू जर्सीत मुलाला रेकमध्ये घालावं की ट्रॅव्हलमध्ये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलै २०२६च्या अखेरीस पुण्याहून मध्य न्यू जर्सीत बदली. मुलगा ऑक्टोबर २०१४चा, तीन वर्षं अकादमीत फुटबॉल खेळतोय. मुलगी सात वर्षांची, तिने अजून चेंडूला पायही लावलेला नाही. ऑफिसातला एक जण म्हणाला, रेकमध्ये घालू नका, वेळ फुकट जातो. दुसरा म्हणाला, ट्रॅव्हल म्हणजे पैसे उकळायचा धंदा. तर नक्की काय करायचं?

आधी शब्द समजून घ्या. इथे फुटबॉल म्हटलं की लोकांना वेगळाच खेळ आठवतो, म्हणून सॉकर म्हणायची सवय करा. रेक म्हणजे रिक्रिएशनल. गावाचा रिक्रिएशन विभाग किंवा गावातला सॉकर क्लब तो चालवतो. नाव नोंदवलं की जागा मिळते, चाचणी नसते. आठवड्याला एक सराव, शनिवारी एक सामना आणि प्रशिक्षक म्हणजे कुणाची तरी आई नाहीतर बाबा. ट्रॅव्हलमध्ये ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी असते, संघ अ, ब, क असे लावले जातात, आठवड्याला दोन-तीन सराव आणि रविवारी शेजारच्या गावांत सामने. न्यू जर्सीत या ट्रॅव्हलच्याही दोन जाती आहेत: गावाच्या नावाने खेळणारी, आणि खासगी क्लबची. ऑफिसात दोघे भांडत होते तेव्हा बहुधा एक जण गावाच्या ट्रॅव्हलबद्दल बोलत होता आणि दुसरा खासगी क्लबबद्दल.

पैशांत हा फरक चांगलाच दिसतो. रेकला एका हंगामाचे साधारण १०० ते २०० डॉलर पडतात. गावाच्या ट्रॅव्हलला वर्षाचे हजाराच्या आसपास. खासगी क्लबला अडीच ते चार हजार, आणि त्यावर गणवेशाचा संच, स्पर्धांची वर्गणी, हॉटेल. काही स्पर्धांमध्ये आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरावं लागतं, बाहेर स्वस्त खोली मिळाली तरी चालत नाही. शुल्क विचाराल तेव्हा 'यात काय धरलेलं नाही' हे आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. रेक आणि ट्रॅव्हलमधलं भांडण चांगल्या आणि वाईट खेळाडूंचं नाही. दोन्हीकडे पालकांना वेगवेगळं वचन दिलेलं असतं. रेकचं वचन आहे सर्वांना सारखा वेळ. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये सुरू झालेल्या एवायएसओ (अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन) या मुलांच्या सॉकर संघटनेचं पहिलं तत्त्वच आहे की प्रत्येक मूल खेळणार, किमान अर्धा सामना मैदानावर असणार. गावोगावच्या रेकचे नियम आज त्याच वळणाचे असतात. ट्रॅव्हलचं वचन आहे तोडीस तोड लढत. तिथे किती मिनिटं खेळायला मिळेल याची हमी नसते. एका बाजूचं वचन घेऊन दुसऱ्या बाजूला जाणारा पालक किंवा प्रशिक्षक आला की कटकट सुरू होते.

सगळ्यात जास्त कटकट होते ती ट्रॅव्हलमधली मुलं शनिवारी रेकमध्येही उतरतात तेव्हा. रेकचे संघ कसे बनतात ते पाहा. हंगामाआधी एक मूल्यांकनाचा दिवस असतो, प्रत्येक मुलाला १ ते ५ गुण देतात आणि प्रशिक्षक आळीपाळीने मुलं निवडतात. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत आधी. प्रशिक्षकाचं स्वतःचं मूल आपोआप त्याच्या संघात येतं. पळवाट इथेच आहे. एखादा प्रशिक्षक मदतनीस म्हणून असा बाबा निवडतो ज्याचा मुलगा ट्रॅव्हलच्या अ संघात खेळतो. दोघांचीही मुलं न निवडता संघात आली, म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच तागडी झुकली. मग शनिवारी ९-० असा निकाल लागतो आणि समोरच्या संघातली तीन मुलं पुढच्या हंगामात नाव नोंदवत नाहीत.

यावर क्लबांनी शोधलेले उपाय ठरलेले आहेत. कुठे एका रेक संघात ट्रॅव्हलची दोनच मुलं चालतात. कुठे त्यांना आघाडीला खेळवता येत नाही. कुठे पाच गोलांची आघाडी झाली की एक खेळाडू काढावा लागतो किंवा समोरच्यांना एक जास्त मिळतो. काही गावांत तर दोन्हीकडे खेळायला सरळ मनाई आहे. मग सगळेच मनाई का करत नाहीत? अंडर-१२ला सामना नऊ विरुद्ध नऊ असतो, एका संघाला बारा-तेरा मुलं तरी लागतात, आणि त्या वयाला रेकमध्ये तेवढी मुलं उरलेली नसतात. ट्रॅव्हलची मुलं काढली तर चारऐवजी तीनच संघ होतात. म्हणून 'मुलाला दोन्हीकडे घालू, सराव जास्त होईल' हा विचार करण्याआधी गावाचा नियम वाचा. नियमाने चालत असलं तरी तुमचा मुलगा रेकमध्ये चार-चार गोल मारू लागला तर बाजूच्या रेषेवरच्या खुर्च्यांतली कुजबुज तुमच्या कानावर येईल. त्याला बचावात किंवा गोलकीपर म्हणून खेळवा असं प्रशिक्षकाला तुम्हीच सुचवलंत तर निम्मी कुजबुज थांबते.

दुसरं भांडण मैदानांचं. हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचलाच अंधार होतो. दिवे असलेली कृत्रिम गवताची मैदानं मोजकी असतात, ती ट्रॅव्हलला जातात. रेकला शाळेमागचं उंचसखल मैदान मिळतं, तेही पाऊस पडला की चिखल होतो म्हणून बंद. रेकचे पालक म्हणतात की मुलं आमची जास्त, मैदानं मात्र त्यांना. ट्रॅव्हलचे म्हणतात की शुल्क आम्ही जास्त भरतो. गावाच्या बैठकीत हा विषय निघाला की रात्री अकरापर्यंत चालतो.

तिसरं भांडण ट्रॅव्हलच्या आतलंच आहे, आणि तुमच्याशी सर्वांत जास्त संबंध त्याचाच. खासगी क्लबात अ, ब, क संघांचं शुल्क बहुतेक वेळा सारखंच असतं. चांगला प्रशिक्षक, चांगली वेळ, मोठ्या स्पर्धा अ संघाला. क संघातल्या मुलाचे आईवडील साडेतीन हजार भरून बऱ्याचदा रेकपेक्षा थोडासाच बरा सराव विकत घेतात आणि अ संघाचा खर्च उचलतात. क्लबचं नाव काढून विचार करा: या संघाला प्रशिक्षक कोण, तो आणखी किती संघ सांभाळतो, गेल्या वर्षी या संघातून वर किती मुलं गेली. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे पैसे भरू नका. कॉलेजच्या स्कॉलरशिपचं आमिष कुणी दाखवलं तर एवढं लक्षात ठेवा की एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. वर्षाला साडेतीन हजार गुणिले सात वर्षं हा गुणाकार घरी करून पाहा.

मुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गावाच्या ट्रॅव्हलमधला ब संघ. कारण वयाचा हिशेब. २०२६-२७च्या हंगामापासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या मुलांच्या सॉकर संघटनांनी वयोगट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा केला आहे. त्याआधी जन्मवर्ष धरायचे. तुमचा मुलगा नव्या हिशेबाने अंडर-१२मध्ये बसतो: नऊ विरुद्ध नऊ, ४ नंबरचा चेंडू, तीस-तीस मिनिटांचे दोन भाग. अंडर-११पर्यंत डोक्याने चेंडू मारायला बंदी आहे. अंडर-१२ला चालतं, पण सरावात आठवड्याला जास्तीत जास्त अर्धा तास आणि पंधरा-वीस वेळाच. अकादमीतल्या सवयीने तो घरी शेकडो वेळा हेडिंग करत असेल तर ते आत्ताच थांबवा.

पुढच्या वर्षी, अंडर-१३ला, सगळं बदलतं: अकरा विरुद्ध अकरा, ५ नंबरचा चेंडू, मोठं मैदान, पस्तीस मिनिटांचे भाग. नऊच्या खेळात तेरा-तेरा मुलांचे तीन संघ असतील तर अकराच्या खेळात सतरा-अठरांचे दोनच होतात. जागा कमी, स्पर्धा जास्त. ज्यांना जागा मिळत नाही ती मुलं रेककडे वळतात, तर तिथे त्या वयाला संघच बनत नाही. पहिलं वर्ष रेकमध्ये काढून पुढच्या वर्षी ट्रायआउट देऊ हा बेत सात वर्षांच्या मुलासाठी उत्तम आहे, अकरा वर्षांच्या मुलासाठी धोक्याचा.

अडचण अशी की ट्रायआउट एप्रिल ते जूनमध्ये होतात आणि तुम्ही जुलैअखेर पोचणार. म्हणून मे महिन्यातच पुण्यातून गावाच्या क्लबच्या ट्रॅव्हल प्रमुखाला ईमेल करा: जन्मतारीख, कुठल्या जागेवर खेळतो, कोणता पाय, कधी पोचणार, आणि दोन मिनिटांची सामन्याची चित्रफीत. गोलांची जोडलेली चित्रफीत नको. चेंडू जवळ नसताना तो कुठे उभा राहतो ते त्यांना बघायचं असतं. ऑगस्टमध्ये उशिराची चाचणी घ्याल का, विचारा. नऊच्या खेळात रोस्टर, म्हणजे संघाची यादी, १६पर्यंत वाढवता येतं आणि उन्हाळ्यात घर बदलणारी कुटुंबं असतातच, त्यामुळे ब संघात जागा निघते. जागा मिळाली तर एक-दोन दिवसांत होकार आणि अनामत मागतात. अनामत परत मिळत नाही, आणि होकारानंतर बहुतेक ठिकाणी वर्षाचं पूर्ण शुल्क देणं लागता. घराचा पत्ता पक्का झाल्याशिवाय सही करू नका.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण मुलं अडकतात ती इथेच. दहा वर्षांवरच्या, अमेरिकेबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंदणी करताना फिफाच्या अल्पवयीन खेळाडूंच्या नियमामुळे यूएस सॉकर या अमेरिकेच्या राष्ट्रीय महासंघाची परवानगी लागते. मुलगा भारतात एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या खेळाडू-नोंदणी यंत्रणेत नोंदलेला असेल तर आंतरराष्ट्रीय हस्तांतराची प्रक्रिया, नसेल तर 'प्रथम नोंदणी'ची. अकादमीला आत्ताच विचारा की त्यांनी नाव कधी चढवलं होतं का. पुण्यातल्या लीगमध्ये एखादा हंगाम खेळला असेल तर शक्यता दाट. आईवडील फुटबॉलव्यतिरिक्त कारणाने, म्हणजे नोकरीसाठी, आलेत हे दाखवायचं असतं. त्यासाठी मुलगा आणि आईवडील अशा तिघांचे पासपोर्ट आणि व्हिसा, नोकरीचं पत्र, भाडेकरार आणि जन्मदाखला. महापालिकेचे जुने दाखले काढून बघा. बारशाआधी नोंद झाली असेल तर बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. तो निघायच्या आधी भरून, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला नवा दाखला घ्या. परवानगीला काही आठवडे लागू शकतात आणि ती येईपर्यंत मूल फक्त सराव करतं.

मुलीला विचार न करता रेकमध्ये घाला. तिच्या वयाला चार विरुद्ध चार, गोलकीपर नाही, दहा-दहा मिनिटांचे चार भाग, ३ नंबरचा चेंडू. शरद हंगामाची नोंदणी जून-जुलैत संपते, त्यानंतर प्रतीक्षायादी. यादीतून पुढे सरकायचा खात्रीचा मार्ग म्हणजे 'मी मदतनीस प्रशिक्षक होतो' असं कळवणं. गावांना मुलं मिळतात, प्रशिक्षक मिळत नाहीत. त्यासाठी पार्श्वभूमी तपासणी आणि सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळात मुलांचं शोषण रोखण्याबद्दलचं, ऑनलाइन प्रशिक्षण लागतं, आणि न्यू जर्सीत स्वयंसेवक प्रशिक्षकाला कायद्याचं संरक्षण हवं असेल तर रटगर्स विद्यापीठाचा तीन तासांचा सेफ्टी वर्ग करावा. खेळ येत नसला तरी बिघडत नाही. सात वर्षांच्या मुलांना शिकवण्यात निम्मं काम बुटांच्या नाड्या बांधण्याचं असतं.

शनिवार रेकचा, रविवार ट्रॅव्हलचा, म्हणजे दोन मुलं, दोन मैदानं. बरोबर येणाऱ्या जोडीदाराचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि दुसरी गाडी होईपर्यंत हे जमवणं कठीण जातं. प्रशिक्षकाला पहिल्याच आठवड्यात सांगा आणि सोबत गाडीने नेणारं कुटुंब शोधा. रविवारची मराठी शाळा सामन्यांशी भिडते. २०२६मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि मंडळं उत्सव शनिवार-रविवारी करतात. दिवाळी ८ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या रविवारी. गैरहजेरीच्या तारखा ऑगस्टमध्येच कळवल्या तर कुणी कुरकुरत नाही. आदल्या रात्री अॅपवर 'येत नाही' टाकलं तर ट्रॅव्हलमध्ये पुढचा सामना बाकावर बसून काढावा लागतो.

सामान भारतातून आणू नका. शिनगार्ड सक्तीचे आहेत, नसतील तर रेफरी उतरू देत नाही. ते आणि बूट इथे वापरलेले स्वस्त मिळतात. एक मात्र तिकडेच बघा: कानातलं घालून खेळता येत नाही, चिकटपट्टी लावूनही नाही. मनगटातलं कडंही काढावं लागतं. मुलीचे कान अजून टोचले नसतील तर आत्ता तरी टोचा नाहीतर नोव्हेंबरमध्ये हंगाम संपल्यावर. ऑगस्टमध्ये टोचलेत तर भोक बुजेल या भीतीने कानातलं काढता येणार नाही आणि सप्टेंबरभर ती रेषेबाहेर उभी राहील.