एकच कृती, तीन ग्लास

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, वय ६३. आयुष्यात बिअर मोजून चार वेळा घेतली असेल. गेल्या महिन्यात पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. तो मला एका टॅपरूममध्ये, म्हणजे नळातून ताजी बिअर देतात तिथे, घेऊन गेला. तिथल्या फळ्यावर एका बिअरपुढे दोन ब्रुअऱ्यांची, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांची, नावं होती. भाचा म्हणाला, "मामा, ही दोघांनी मिळून केलीय, सावकाश घ्या." घेतली. पपनसाच्या सालीसारखा वास आला, शेवटी जीभ कडू झाली. पण त्यात दोघांच्या दोन चवी काही मला सापडल्या नाहीत. माझं कुठे चुकलं? आणि अशी बिअर नक्की कुणाची म्हणायची?
— सु. प., नाशिक

उत्तर : तुमचं काहीच चुकलं नाही. उलट 'पपनसाची साल' वाचल्यावर मी नवऱ्याला हाक मारून तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. अमेरिकी ब्रुअर ज्याला ग्रेपफ्रूटचा वास म्हणतात, तो हाच. गणपतीच्या दिवसांत पपनस सोललं की बोटांना दिवसभर राहतो तो. तुमच्या ग्लासात बहुधा कॅस्केड नावाचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) किंवा त्यांच्या कुळातलं एखादं वाण असणार. कॅस्केड ओरेगनमध्ये तयार झालं आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. चार वेळा बिअर घेतलेल्या माणसाच्या नाकाने ते बरोबर पकडलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

दोन चवी का सापडल्या नाहीत, ते सांगते. मिळून बिअर करतात म्हणजे बहुतेक वेळा काय होतं? दोन ब्रुअर आधी बसून कृती ठरवतात : माल्ट किती, हॉप्स कोणते, कधी घालायचे. मग ठरलेल्या दिवशी एक जण दुसऱ्याच्या ब्रुअरीत सकाळीच पोहोचतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तीच युक्ती. ते भरडून ६५-६७ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या पिठुळ भागाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. पाहुणा ब्रुअर संध्याकाळी घरी जातो. पुढचे दोन-तीन आठवडे टाकी, पाणी, यीस्ट आणि राखण सगळं यजमानाचं. म्हणजे भांडं एक, विरजण एक. दोन जावांनी मिळून केलेल्या आमटीत कुणाचा घोट कुठला, हे तुम्ही शोधत होतात.

खरोखर दोन बिअरी एकत्र ओतल्याचं उदाहरणही आहे. कोलोराडोतल्या बोल्डरची एव्हरी आणि कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाची रशियन रिव्हर, या दोन ब्रुअऱ्यांच्या एकेका बिअरचं नाव योगायोगाने एकच निघालं, 'साल्व्हेशन'. नावावरून कोर्टात जाण्याऐवजी २००६ मध्ये त्यांनी दोन्ही बिअरींचं मिश्रण केलं आणि त्याला नाव दिलं 'कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन', म्हणजे भांडण नको, मिळून करू. तिथे दोन चवी शोधायला अर्थ आहे. तुमच्या ग्लासात नव्हता.

पण मिळून केलेल्या बिअरमध्ये एकेकाचा हात ओळखू येतो का? येतो. मला तो एकदाच, पण इतका स्वच्छ ओळखू आला की त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०१६ ते २०२० आम्ही कॅलिफोर्नियात डेव्हिसला होतो. मी तिथे एका प्रयोगशाळेत धान्यावर काम करत होते. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी आमच्या उत्तरेला, ब्यूट काउंटीत, वणवा पेटला. कॅम्प क्रीक नावाच्या रस्त्याजवळ सुरू झाला म्हणून त्याला 'कॅम्प फायर' म्हणतात. पॅराडाइज नावाचं सव्वीसेक हजार वस्तीचं गाव काही तासांत गेलं. ८५ माणसं मेली, अठरा हजारांवर घरं-इमारती जळाल्या. आम्ही जवळजवळ दीडशे किलोमीटर दूर, तरी दोन आठवडे सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. शाळांना सुट्टी दिली. लेकाला घरात कोंडून ठेवलं होतं आणि खिडक्यांच्या फटींना ओले पंचे लावले होते.

पॅराडाइजच्या शेजारच्या चिको शहरात सिएरा नेवाडा ही ब्रुअरी आहे. १९८० पासून ते बिअर करतात, आणि कॅस्केडचा तो पपनसी वास अमेरिकेला ओळखीचा झाला तो मुख्यतः त्यांच्या पेल एलमुळे. त्यांच्याकडे काम करणाऱ्या काही जणांचीही घरं जळाली. त्यांनी 'रेझिलियन्स' नावाच्या एका आयपीएची, म्हणजे हॉप्स जास्त घातलेल्या कडवट बिअरची, कृती तयार केली आणि देशभरच्या ब्रुअऱ्यांना पाठवली : ही तुमच्याकडे करा, विका आणि आलेला सगळा पैसा वणवाग्रस्तांना द्या. २७ नोव्हेंबरला, वणवा पूर्ण आटोक्यात येऊन दोनच दिवस झाले होते, बिअर उकळायला घेतली. साथीला १,४०० हून जास्त ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या.

कृती साधी. मुख्य माल्ट फिकं, त्यात थोडं क्रिस्टल माल्ट, म्हणजे साखर दाण्यातच भाजलेलं, काकवीच्या वासाचं. हॉप्स दोन : कॅस्केड आणि सेंटेनियल. सेंटेनियलमध्ये लिंबाची साल आणि फुलं दोन्ही असतात. मद्यार्क साडेसहा टक्क्यांच्या आसपास.

जानेवारी २०१९ मधल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाच 'रेझिलियन्स'चे तीन ग्लास होते. एक सिएरा नेवाडाच्या स्वतःच्या कॅनमधला. दुसरा आमच्याच भागातल्या एका छोट्या ब्रुअरीचा, त्याच दुपारी बाटलीत भरून आणलेला. तिसरा थोड्या दूरच्या ब्रुअरीचा. आम्ही दोघं, शेजारीण आणि तिची मावसबहीण. मावसबहीण पॅराडाइजची, घर गेलेली, तेव्हा शेजारणीच्याच घरी राहत होती.

पहिला ग्लास तांबूस, आरपार दिसणारा. आधी पपनस, मग देवदाराच्या ताज्या फळीसारखा काहीतरी, आणि कडवटपणा सरळ येऊन सरळ गेला. दुसरा गढूळ, रंगाने फिका. वासात जर्दाळू होतं, जे कृतीत कुठेच नाही. ते यीस्टने आणलं. कडवटपणाही गोलाकार, जिभेच्या कडांना न टोचणारा. पाण्यात सल्फेट जास्त असलं की कडू चव टोकदार होते, क्लोराइड जास्त असलं की मऊ. ब्रुअरला मी पुढे विचारलं तर तो म्हणाला, आम्ही आमच्या सगळ्या बिअरींना तेच यीस्ट आणि तसंच पाणी वापरतो, बदलायला वेळ नव्हता. तिसऱ्या ग्लासात काकवी पुढे आली होती, आणि मागे वनस्पती तुपाचा वास. हा दोषच. डायअसेटिल नावाचं एक द्रव्य असतं. आंबण्याच्या शेवटी यीस्टच ते परत खाऊन टाकतं, पण बिअर दोन-तीन दिवस लवकर काढली तर ते राहून जातं. तिथल्या ब्रुअरला मी ते सांगितलं. त्याने मान डोलावली. लोक विचारायला येत होते, निधी लवकर जावा असं वाटलं, टाकी आधी उघडली, म्हणाला. मी तरीही म्हणेन की थांबायला हवं होतं. चांगल्या कामासाठी केलेली बिअरही चांगलीच असायला हवी, कारण ती पिणारा माणूस दुसरा ग्लास मागणार की नाही, त्यावर निधी ठरतो.

तर कृती एक, आणि हात तीन, लपवूनही न लपणारे. म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं : पुढच्या वेळी पुण्यात गेलात की आधी विचारा, ही कुणाच्या टाकीत आंबली आणि यीस्ट कुणाचं? मग त्या ब्रुअरीची रोजची एखादी बिअर अगदी छोट्या ग्लासात मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वास घ्या. रोजच्या बिअरमध्ये जे आहे ते यजमानाचं. जे नाही ते पाहुण्याने सोबत आणलेलं. कुणाची म्हणायची, याचं कागदावरचं उत्तर ज्याचा परवाना त्याची. जिभेवरचं उत्तर तुम्हाला त्या दोन ग्लासांच्या मध्ये सापडेल.

२००९ मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा मी पुण्यातच होते. मिळून करायचं म्हटलं तरी तेव्हा गावात जोडीदार कुठे होता? आज फळ्यावर दोन नावं शेजारी शेजारी दिसतात. तुमचा भाचा ती मामांना दाखवायला घेऊन जातो, हे मला फार आवडलं.

प्रश्न : तुम्ही मागे एका लेखात वणव्यासाठी केलेल्या बिअरचा ओझरता उल्लेख केला होता. माणसं मेली आणि त्यावर बिअर विकायची, हे मनाला पटत नाही. मदत करायची तर सरळ पैसे द्यावेत. २०१९ च्या महापुरात आम्ही गल्लीतल्या बायकांनी भाकऱ्या करून पाठवल्या, कुणाला काही विकलं नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी सांगलीची. त्या ऑगस्टमध्ये मी डेव्हिसला बसून फोनवर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेल्याचं बघत होते. आई-बाबा शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होते. तिसऱ्या दिवशी त्यांना होडीतून एक पिशवी मिळाली. आई फोनवर सांगत होती : "अगं, दहा भाकऱ्या, पण दहाही वेगवेगळ्या. एक जाड, एक पापुद्र्याची, एकीच्या कडा करपलेल्या. दहा घरांतल्या गं." ती रडत होती आणि भाकऱ्यांचं वर्णन करत होती. कदाचित त्यांतली एखादी तुमच्या गल्लीतली असेल.

म्हणूनच मला त्या तीन ग्लासांत काही वावगं वाटलं नाही. ब्रुअरला जे करता येतं ते त्याने केलं. माल्टवाल्यांनी माल्ट फुकट दिलं, हॉप्सवाल्यांनी हॉप्स दिले, ब्रुअऱ्यांनी टाकी आणि मजुरी दिली, आणि विक्रीची सगळी रक्कम निधीला द्यायची असं ठरलं. सिएरा नेवाडाने त्या निधीत आधी स्वतःचे एक लाख डॉलर घातले होते. कुणी नफ्यासाठी त्या दुःखावर हात मारला नाही. सरळ पैसे देणारेही होतेच, आम्हीही दिले. पण शेजारणीची मावसबहीण त्या रविवारी दुसऱ्या ग्लासातला एक घोट घेऊन बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली की हे करणाऱ्यांनी आमच्या गावाचं नावही कधी ऐकलं नसेल. तिला चेकपेक्षा ते मोठं वाटलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते.

दारूने घरं बुडतात हेही मी जवळून पाहिलंय. जे घेत नाहीत त्यांनी निधीच्या निमित्ताने सुरुवात करावी असं मी कधीही म्हणणार नाही. तुमची भाकरी तुमच्या जागी पूर्ण आहे.

प्रश्न : माझं वय १९. हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला पुढे बिअरच्या चवीचंच काम करायचंय. वर्गातली मुलं आत्ताच चाखत फिरतात. मी मागे पडेन का?
— रा., छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही पडणार. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ पूर्ण लागतात, तेवढं थांब. हे काम जिभेपेक्षा नाकाचं जास्त आहे आणि नाकाला वयाची अट नाही. सहा वाट्या घे. एकीत पपनसाची किंचित चुरगळलेली साल, दुसरीत लिंबाची, तिसरीत काकवी, चौथीत करपू न देता लाल भाजलेल्या पावाचा चुरा, पाचवीत वाळलेलं जर्दाळू, सहावीत वनस्पती तूप. डोळे बांध, आईला किंवा मित्राला वाट्या फिरवायला सांग आणि प्रत्येक वासाला मराठीत तुला सुचेल ते नाव दे, पुस्तकातलं नको. रोज एकदा, जेवणाआधी, कारण पोट भरलं की नाक मंदावतं. वहीत तारीख टाकून लिही. दोन महिन्यांनी त्यांतल्या दोन वाट्यांचे वास एकत्र कर आणि दोन्ही वेगळे सांगता येतात का बघ. ती वही मला पाठव.